सीएनजीवर मिसिंग करणारी गाडी आणि घरी प्लग बदलण्याचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१४ची पेट्रोल स्विफ्ट, नंतर बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, ७८ हजार किलोमीटर झालेले. पेट्रोलवर गाडी ठीक चालते, पण गॅसवर कसारा घाट चढताना मिसिंग करते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन मधेमधे पेटतच नाही, तिसऱ्या गिअरमध्ये गचके देते. गॅरेजवाल्याने चारही प्लग आणि चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग) बदला म्हणून सांगितलं. प्लग याआधी कधी बदलले ते आठवत नाही. हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करता येईल का, हत्यारं कोणती लागतील आणि इरिडियमचे प्लग घ्यावेत का, असं विचारलंय.

प्लग स्वतः बदला, खुशाल बदला. कॉइल आत्ताच घेऊ नका. त्या का नको ते शेवटी येईल.

आधी एक स्पष्ट सांगतो. पैसे वाचवायला म्हणून हे काम करायचं असेल तर सोडून द्या. चार प्लगची मजुरी काही फार नसते, आणि पाना, सॉकेट घ्यायला तुम्ही तेवढेच पैसे घालवाल. घरी करण्याचा खरा फायदा वेगळा आहे. गॅरेजमध्ये गाडी चालवत आणली जाते, इंजिन तापलेलं असतं, मागे दुसरं गिऱ्हाईक उभं असतं, आणि पोऱ्या लांब दांड्याच्या पान्याने प्लग सोडवतो आणि त्याच जोराने आवळतो. या कामात नुकसान होतं ते तिथेच. तुमच्याकडे रविवारची सकाळ आहे, रात्रभर थंड झालेलं इंजिन आहे आणि मागे कोणी उभं नाही. एवढ्या भांडवलावर नवखा माणूससुद्धा घाईतल्या मिस्त्रीपेक्षा चांगलं काम करतो.

आता गॅसवरच आणि चढावरच का? प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून, म्हणजे गॅपमधून, ठिणगी उडी मारते. त्या जागी जितका दाब जास्त, तितकं जास्त व्होल्टेज लागतं. सपाट रस्त्यावर अर्धवट अ‍ॅक्सिलरेटर दिला की सिलिंडरमध्ये हवा कमी जाते, दाब कमी असतो, म्हातारा प्लगही निभावून नेतो. घाटात पाय खाली गेला की सिलिंडर पूर्ण भरतो, दाब वाढतो आणि ठिणगीला हजारो व्होल्ट जास्त लागतात. त्यातून इंधन सीएनजी. पेट्रोलच्या मिश्रणापेक्षा गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला मुळात जास्त व्होल्टेज लागतं. आणि प्लग झिजला की गॅप वाढतो, तो आणखी व्होल्टेज मागतो. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कॉइल हात टेकते, ठिणगी पडत नाही किंवा भलतीकडून निसटते, आणि तुम्हाला गचका बसतो. म्हणून पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर लोड आला की मिसिंग, असं कोणी सांगितलं की माझा पहिला संशय प्लगवर. किटचं ट्यूनिंग, गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर ही नावं त्यानंतर.

झीज किती होते याचा अंदाज घ्या. तुमच्या इंजिनात प्रत्येक प्लगला स्वतःची कॉइल आहे, त्यामुळे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते. ३००० आरपीएमला प्रत्येक प्लग मिनिटाला १५०० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला २५ वेळा. दर ठिणगीला टोकाचा धातू कणभर उडतो. साध्या निकेलच्या प्लगचं आयुष्य बहुतेक गाड्यांत ३० ते ४० हजार किलोमीटर धरतात, गॅसवर त्याहून कमी. नक्की आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच खरा. तुमचे प्लग कंपनीतून आलेले तेच असतील तर त्यांनी नोकरीपेक्षा जास्त काम केलंय.

खरेदीपासून सुरुवात करा, आणि क्रम उलटा ठेवू नका: आधी प्लग, मग सॉकेट. प्लगच्या षटकोनाचं माप १६ असतं, नव्या गाड्यांत १४ही असतं, जुन्यांत २१. नवीन प्लग खिशात घालून हत्यारांच्या दुकानात जा आणि सॉकेट त्याच्यावर बसवून बघूनच घ्या. आतमध्ये रबर किंवा चुंबक असलेलं खास प्लगचं सॉकेट मागा. साधं लांब सॉकेट प्लग सोडवेल, पण खोल भोकातून वर आणणार नाही.

प्लग कोणता, तर मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या पार्ट काउंटरवर तुमच्या चेसिस नंबरला जो निघतो तो. दुकानदार 'याच्यात हाही बसतो' म्हणाला तर बसतो हे खरंच असतं, आटे जुळले की काहीही बसतं. पण आट्यांची लांबी जास्त निघाली तर टोक पिस्टनला भेटायला जातं, कमी निघाली तर भोकाचे खालचे आटे उघडे राहून काजळीने भरतात. प्लगवरचा नंबर वाचायची सवय करा. उदाहरणार्थ एनजीकेचा बीकेआर६ई-११ घ्या: १४ मिलिमीटरचे आटे, १६चा षटकोन, आत रेझिस्टर, उष्णतेचा दर्जा ६, आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, गॅप १.१ मिलिमीटर. सगळी कुंडली तेवढ्यात आली. हा नंबर तुमच्या गाडीचा म्हणून सांगत नाही बरं का, वाचायचा कसा एवढंच दाखवतोय.

यातला उष्णतेचा दर्जा लोकांना फसवतो. प्लगच्या टोकाला साधारण ५०० अंशांच्या वर तापावं लागतं, तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. पण ८५०च्या पुढे गेलं तर ते टोकच निखाऱ्यासारखं मिश्रण अवेळी पेटवतं. उष्णता लवकर सोडणारा तो 'थंड' प्लग, धरून ठेवणारा तो 'गरम'. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये, म्हणजे जुन्या मंडळींच्या मायकोत, बरोबर उलटं, आकडा मोठा तितका गरम. त्यामुळे एका कंपनीचा ६ बघून दुसऱ्या कंपनीचा ६ घेणं हा निव्वळ घोळ आहे. पॅकिंगवर तुमच्या गाडीचं मॉडेल बघा किंवा काउंटरवरून तक्ता काढून घ्या. नकली मालही भरपूर आहे. सिरॅमिकवरची छपाई पुसट, मधलं टोक केंद्रात नाही, वायसर सैल पडतोय, असं दिसलं की परत करा.

बाकी हत्यारं: रॅचेट (सॉकेट फिरवायची दांडी), एक्स्टेंशन (सॉकेट खोल पोचवायचा जोड), कॉइलच्या बोल्टसाठी बहुतेक १० नंबरचा पाना, गॅप मोजायचं फीलर गेज, आणि ठरलेल्या जोरालाच आवळणारा टॉर्क रेंच मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि एक वीतभर रबरी पाइप, प्लगच्या सिरॅमिकच्या डोक्यावर घट्ट बसेल असा. पेट्रोलचा पाइप चालतो. या पाइपाची किंमत सगळ्यात कमी आणि महत्त्व सगळ्यात जास्त, पुढे कळेल.

इंजिन थंड हवं हे मी परत परत का सांगतो? हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतो तो इंजिनाचा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि प्लग लोखंडाचा. गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. तापलेल्या हेडचे आटे मऊ असतात, आणि प्लग ओढून काढताना तेच सोबत घेऊन येतो. दोन तास थांबलो की झालं असं नाही. रात्री गाडी लावा, सकाळी चालू न करता बॉनेट उघडा.

चावी काढून घ्या. वरचं प्लास्टिकचं कव्हर, हवेचा पाइप आड येत असेल तर सोडवा, आणि सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. पाइप काढल्यावर उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. नटबोल्ट आत पडायला अशीच भोकं शोधत असतात. आता एका रांगेत चार काळ्या कॉइल दिसतील. प्रत्येकीला एक कपलर, म्हणजे वायरीचा जोड, आणि एक बोल्ट. कपलरचं लॉक दाबा आणि कपलर धरून ओढा, वायर धरून नाही. दहा वर्षं इंजिनावर भाजलेलं प्लास्टिक कडक झालेलं असतं. लॉक मोडलं की कपलर पुढे खड्ड्यात सैल होतो आणि तुम्हाला नवीनच मिसिंग भेट मिळतं. वायरी सोडवल्याच आहेत तर उंदरांनी कुरतडल्यात का तेही बघून घ्या. पार्किंगमधल्या गाड्यांत, विशेषतः पावसाळ्यात, उंदीर हे मिसिंगचं फार मोठं कारण आहे आणि कोणत्याच मॅन्युअलमध्ये ते छापलेलं नसतं.

बोल्ट काढल्यावर कॉइल एकदम उपटू नका. डावीकडे-उजवीकडे थोडी फिरवून रबराची पकड मोकळी करा, मग सरळ वर घ्या. खालचं रबर फाटलंय का, त्यावर पांढरट-काळी रेघ आहे का बघा. कॉइल कुठल्या सिलिंडरची ते मार्करने लिहा, इंजिनाच्या टायमिंग चेनच्या बाजूचा एक नंबर धरून. पुढे याचा उपयोग आहे.

आता प्लगच्या विहिरीत टॉर्च मारा. तेल दिसलं तर ते टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून आलेलं असतं. प्लगचा यात दोष नाही, पण तेलाने कॉइलचं रबर फुगतं आणि ठिणगी बाजूने पळते, म्हणून ते पॅकिंग बदलायला टाका. तूर्त लांब स्क्रू ड्रायव्हरला कापड गुंडाळून तेल टिपून घ्या. कोरडी धूळ-वाळू असेल तर हवा मारा. कंप्रेसर नसला तर सायकलचा पंप पुरतो, फक्त डोळ्यांवर चष्मा ठेवा. ही पायरी लोक गाळतात. प्लग निघाला की ती वाळू थेट सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टन तिला घेऊन भिंतीवर घासत बसतो. मी तर प्लग एक फेरी सैल करून पुन्हा एकदा हवा मारायला लावतो, कारण बुडाशी चिकटलेलं तेव्हा सुटतं.

सॉकेट पूर्ण खाली बसलंय याची खात्री करा. एक्स्टेंशन सरळ उभं ठेवा, एक हात रॅचेटच्या डोक्यावर. तिरका जोर पडला तर सिरॅमिक तडकतं. पहिल्या झटक्याला 'टक' असा आवाज येऊन प्लग सुटतो, नंतर हाताने फिरतो. सुटल्यावरही घट्टच फिरत असेल तर थांबा. थोडं गंज सोडवायचं तेल सोडा, वाट पाहा, पाव फेरी पुढे, पाव फेरी मागे असं करत आणा. तरीही अडतोय आणि करकरतोय, तर तो परत थोडा आवळून ठेवा आणि गाडी जाणत्या माणसाकडे द्या. इथे जोर लावून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही. आटे गेले तर नवीन आटे पाडून स्लीव्ह बसवावी लागते, कधी हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावं लागतं, आणि त्या बिलाशेजारी प्लगचं बिल ठेवलं तर दिसणारही नाही.

चारही भोकं एकदम उघडी ठेवण्यापेक्षा एक काढा, एक लावा. फक्त जुने प्लग खोक्याच्या पुठ्ठ्यावर एक-दोन-तीन-चार लिहून ओळीने ठेवा. ते फेकायच्या आधी वाचायचे आहेत.

नवीन प्लग हातात घेतलात की गॅप बघा. 'कंपनीतून सेट होऊन येतो' हे खरं आहे, पण वाटेत खोकं पडलेलं असू शकतं. निकेलचा प्लग असेल तर बाहेरचा दांडा अलगद वाकवून गॅप जुळवता येतो. मधल्या टोकाला टेकू लावून रेटायचं नाही. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत मी गॅप पेट्रोलच्या आकड्यापेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटर कमी ठेवतो, त्याने गॅसवरची व्होल्टेजची मागणी उतरते. कंपनीच्याच सीएनजी मॉडेलला मात्र मॅन्युअलचा आकडा जसाच्या तसा. प्लग फरशीवर पडला तर तो लावू नका. बाहेरून काही दिसत नाही, सिरॅमिकला केसाएवढी चीर गेलेली असते, आणि ती घाटातच बोलते.

आता तो रबरी पाइप. प्लगचं डोकं पाइपात खोचा, प्लग विहिरीत सोडा, आणि पाइप बोटांनी फिरवा. आधी उलटा, म्हणजे सोडवायच्या दिशेने, सावकाश. एका जागी आटे एकमेकांत पडल्याचा हलका धक्का बोटांना लागतो. तिथून सुलट फिरवायला घ्या. आटे बरोबर लागले तर प्लग लोण्यातून जावा तसा खाली जातो, अनेक फेऱ्या, बुडाला टेकेपर्यंत. तिरका लागला तर पाइप नुसता डोक्यावर घसरतो, कारण त्याच्यात आटे कापण्याएवढी ताकदच नसते. रॅचेटमध्ये ती असते, म्हणून रॅचेट तिरका लागलेला प्लगसुद्धा निमूट आत घालतो आणि तुम्हाला वाटतं, किती छान घट्ट बसला. प्लग टेकेपर्यंत या कामात रॅचेटला हात लावायचा नाही. एवढा एकच नियम पाळलात आणि बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी हेड वाचेल.

टेकल्यावर आवळायचं किती? वायसरवाल्या १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये, २५ ते ३० न्यूटन मीटर. १२ मिलिमीटरला १५ ते २०, आणि १० मिलिमीटरला फक्त १० ते १२. तुमच्या प्लगचे आटे मोजून घ्या किंवा खोक्यावरची सूचना वाचा, कारण १४चा जोर १२ला लावला तर प्लग मानेतून लांबतो. टॉर्क रेंच नसेल तर घड्याळ डोळ्यांसमोर आणा. बोटांनी टेकला तिथे बारा वाजले. नवीन वायसरवाला १४चा प्लग तिथून सहा ते आठच्या मध्ये कुठेतरी न्यायचा, म्हणजे अर्धी ते दोनतृतीयांश फेरी. या प्रवासात वायसर चेपला जातो ते हाताला कळतं, आणि मग एकाएकी कडक लागतं. तिथे थांबा. काढलेलाच प्लग परत लावताय तर वायसर आधीच चेपलेला असतो, बारावरून एकपर्यंत पुरे. वायसर नसलेला, निमुळत्या बुडाचा प्लग असेल तर जेमतेम सोळावा भाग फेरी.

सैल राहिला तर काय, असं वाटून लोक जास्त आवळतात. सैल राहणंही वाईटच आहे. प्लगची उष्णता मुख्यतः याच आट्यांतून आणि बुडातून हेडमध्ये जाते. बूड नीट टेकलं नाही तर प्लग तापून टोक वितळायला लागतं. म्हणून अंदाज नको, आकडा किंवा घड्याळ.

आट्यांना ग्रीस, तेल, ती चंदेरी पेस्ट काही लावू नका. चांगल्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो. वरून वंगण लावलं की त्याच आकड्याला प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. एनजीके स्वतः नको म्हणते. विजेचं सिलिकॉन ग्रीस कॉइलच्या रबराच्या तोंडाला आतून बोटभर फिरवलं तर चालेल, पुढच्या वेळी रबर चिकटत नाही.

कॉइल सरळ खाली दाबा, प्लगवर बसल्याचं हाताला कळतं. तिचा बोल्ट बारीक असतो, बसला की हलका आवळा, पिळू नका. कपलर 'कट' आवाज येईपर्यंत. हवेचा पाइप जोडताना ते फडकं बाहेर आलंय ना ते बघा. हसू नका, फडकं आत ठेवून चालू केलेल्या गाड्या गॅरेजात येतात.

गाडी आधी पेट्रोलवर चालू करा. इंजिन डगमगलं तर बहुतेक एखादा कपलर बसलेला नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर लगेच बंद करा. लुकलुकणं म्हणजे जोरात मिसिंग, न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जातंय आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजतोय. प्लगपेक्षा तो कैकपट महाग.

आता ओळीने ठेवलेले जुने प्लग उन्हात घेऊन बसा. हा भाग मला सगळ्यात आवडतो. गॅरेजात प्लग बदलून घेता तेव्हा ही माहिती कचऱ्याच्या डब्यात जाते. टोकाचं सिरॅमिक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ज्वलन ठीक आहे. गॅसवर जास्त चाललेल्या गाडीचा प्लग त्याहून पांढरट-स्वच्छ दिसतो, त्याने घाबरू नका. पांढऱ्यावर बारीक फोड किंवा वितळलेले मणी दिसले तर मात्र मिश्रण फार कोरडं (हवेच्या मानाने इंधन कमी) चाललंय किंवा प्लग जास्त तापतोय, किटवाल्याकडे ट्यूनिंग तपासा. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त पडतंय, किंवा गाडी रोज दोन किलोमीटरच चालते आणि इंजिन तापतच नाही. ओलं, तेलकट काळं म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल येतंय, वरून व्हॉल्व्हच्या सीलमधून किंवा खालून रिंगमधून. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसतोय तर त्या एका सिलिंडरची गोष्ट आहे. चारही सारखेच बिघडलेत तर सगळ्यांना मिळून असलेलं काहीतरी, म्हणजे मिश्रण, एअर फिल्टर किंवा सेन्सर.

धातूच्या षटकोनाच्या वर सिरॅमिकवर तपकिरी धुरकट वळं दिसेल. त्याला बघून 'कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतंय' असं सांगणारे भेटतील. बहुतेक वेळा तसं काही नसतं. उच्च व्होल्टेजभोवती तेलाचे कण खेचले जाऊन तो डाग पडतो, निरुपद्रवी आहे. पण वरून खाली उभी पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ असेल, तर ठिणगी सिरॅमिकच्या बाहेरून धातूवर उतरत होती. त्या प्लगच्या कॉइलचं रबर आतून बघा, तशीच रेघ तिथेही असेल. ते रबर न बदलता नवीन प्लग लावला तर ठिणगी जुनी पायवाट सोडत नाही. रबर बहुतेक गाड्यांना सुटं मिळतं, पूर्ण कॉइल घ्यायची गरज नसते. फीलर गेजने जुना गॅपही मोजा. १.१चा प्लग १.४-१.५ला गेलेला दिसला तर घाटातल्या गचक्यांचं उत्तर हातात आहे.

जुने प्लग पॉलिश पेपर मारून परत लावायचे का? मारुती ८००च्या काळात ते नेहमीचं काम होतं, गॅरेजात वाळू मारून प्लग साफ करायचं मशीनही असायचं. तेव्हा ते समजण्यासारखं होतं. आता निकेलचा प्लग शंभर-दोनशे रुपयांच्या घरात मिळतो. झिजलेली धार घासून परत येत नाही, आणि अडकलेला वाळूचा कण इंजिनात जातो. इरिडियम-प्लॅटिनमला तर ब्रशही लावायचा नाही.

इरिडियमबद्दल. टोक फार बारीक, बऱ्याचशा प्लगमध्ये ०.४ ते ०.६ मिलिमीटर, त्यामुळे ठिणगी कमी व्होल्टेजला पडते, आणि धातू कठीण असल्याने झीज सावकाश होते. आयुष्य ८० हजार ते लाखाच्या आसपास सांगतात. पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज दोनने वाढतं या बाजारगप्पा आहेत. झिजलेला प्लग काढून कोणताही नवीन, बरोबर दर्जाचा प्लग लावला तरी तोच फरक जाणवतो. रोज गॅसवर लांब धावणारी गाडी असेल तर इरिडियमचा खर्च पटतो. तुमची गाडी दहा वर्षांहून जुनी आहे, त्यामुळे मी तरी निकेल लावीन आणि दर २० हजारांना बदलीन, कारण मला दर वेळी ते चार प्लग वाचायला मिळतात. इरिडियम घेतलेच तर गॅप फक्त बघा, वाकवायला जाऊ नका, टोक तुटतं.

हे सगळं वाचून दुसऱ्या गाडीवर हात टाकणाऱ्यांसाठी थोडं. डिझेलला स्पार्क प्लग नसतोच, तिथला हीटर प्लग हे वेगळं प्रकरण. जुन्या गाडीत कॉइलऐवजी जाड वायरी असतील तर एका वेळी एकच वायर काढा, अदलाबदल झाली की इंजिन चालणार नाही. आणि २००३ ते २००८च्या काळातली आय-डीएसआय होंडा सिटी असेल तर मोजून घ्या, चार सिलिंडरला आठ प्लग आहेत. पुढचे चार दिसतात, मागचे चार विसरून 'प्लग बदलले' म्हणणारे आहेत.

आता कॉइल. चार कॉइल एकदम मरत नाहीत. नवीन प्लग लावून पेट्रोलवर आणि मग गॅसवर, चढ बघून चालवा. मिसिंग गेलं तर विषय संपला. राहिलं तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा, मोबाइलला जोडायचे साधे मिळतात. पी०३०२ आला तर मिसिंग दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये, पी०३०३ आला तर तीनमध्ये, आणि पी०३०० म्हणजे कुठलाच एक पकडला नाही. समजा पी०३०२ आला. मार्करने लिहिलेली दोन नंबरची कॉइल तीनवर लावा, तीनची दोनवर, कोड पुसा आणि परत चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब आहे, ती एकच विकत घ्या. कोड दोनवरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग दोन आणि तीनचे प्लगही असेच बदलून बघा, नवीन प्लगसुद्धा खराब निघतो. तरीही दोनवरच आला आणि फक्त गॅसवर येत असेल, तर त्या सिलिंडरचा गॅस इंजेक्टर आणि किटचा फिल्टर तपासायला किटवाल्याकडे जा. पेट्रोलवरही यायला लागला तर गॅरेजवाल्याला कॉम्प्रेशन मोजायला सांगा, आणि चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा.